मुलांना राष्ट्रीय उद्यानात न्यायचंय? ग्वाल्हेरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या फोनवर निरोप यायला लागतात. ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार, थाटीपूर, सगळ्या भागांतून. मुलांना जंगल दाखवायचंय, कुठे जावं, कधी जावं, आणि त्यानं मुलांच्या तब्येतीला खरंच काही फरक पडतो का? आम्ही काही मराठी घरांतली माणसं मिळून दर हिवाळ्यात शाळा-कॉलेजची मुलं घेऊन शिवपुरी आणि कुनोकडे जातो. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राष्ट्रीय उद्यान म्हणजे नेमकं काय? अभयारण्यापेक्षा वेगळं असतं का?

हो. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पण राष्ट्रीय उद्यानाचे नियम जास्त कडक. अभयारण्यात गावकऱ्यांचे काही हक्क चालू राहू शकतात, परवानगीनं गुरं चरू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराई नाही, लाकूडफाटा नाही, खाजगी हक्क नाहीत. तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ इतकाच, की तिथे स्पीकर, चूल, क्रिकेट, मनाला येईल तिथे भटकणं यातलं काहीही चालत नाही. मुलांना घरून निघण्याआधीच हे सांगून ठेवा. गेटवर पोचल्यावर सांगितलं की ती शिक्षा वाटते.

२. ग्वाल्हेरहून जवळ कोणतं पडेल?

सर्वात सोयीचं शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान. आग्रा-मुंबई रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आत. १९५८ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मार्च २०२३ मध्ये तिथे पुन्हा वाघ आणून सोडले आणि मार्च २०२५ मध्ये ते देशातलं ५८ वं व्याघ्र प्रकल्प क्षेत्र झालं. आत सख्यासागर आणि माधवसागर असे दोन तलाव आहेत, १९१८ साली मनिहार नदी अडवून केलेले. सख्यासागराला २०२२ मध्ये 'रामसर', म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हे नाव महाराज माधवराव शिंदे यांच्या आई सख्याराजे यांचं. शिवपुरीला जाताच आहात तर मायलेकांच्या छत्र्याही (समाध्या) बघून या. आपल्या मुलांना शिंद्यांची ग्वाल्हेरची कम्पू कोठी माहीत असते, पण शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्याची राजधानी होती हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दुसरं कुनो, श्योपुर जिल्ह्यात. जवळजवळ ७५० चौरस किलोमीटर, २०१८ पासून राष्ट्रीय उद्यान. नामिबियातून ८ चित्ते १७ सप्टेंबर २०२२ ला आणि दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते फेब्रुवारी २०२३ मध्ये आले ते इथेच. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं होतं. त्यानंतर इथल्या मातीत जन्मलेली पहिली पिल्लं मार्च २०२३ मधली, कुनोचीच. रस्ता लांबचा आहे, एका दिवसात जाऊन-येऊन मुलं दमतात. मुक्काम करा.

तिसरी जागा राष्ट्रीय उद्यान नाही, पण लहान मुलांसाठी आम्ही आधी तीच सुचवतो: मुरैन्याजवळ देवरीचं घडियाल (लांब, निमुळत्या तोंडाची मगर) केंद्र आणि चंबळ. अंड्यातून निघालेली घडियालची पिल्लं तिथे वाढवून, सव्वा मीटरच्या आसपास झाली की नदीत सोडतात. सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी.

३. जंगलात गेल्यानं तब्येत सुधारते हे खरं, की नुसतं बोलायला बरं?

बऱ्याच अंशी खरं. पण जेवढं सिद्ध झालं आहे तेवढंच सांगतो. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं झाडापानांत, मोकळ्यावर घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती दोन तासांची भरती एका दमात झाली काय किंवा थोडी थोडी झाली काय, फरक दिसला नाही. यात एक मेख आहे. ज्यांची तब्येत मुळात बरी, तेच जास्त बाहेर पडत असतील. त्यामुळे हा संबंध आहे, औषधाचा डोस नव्हे. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लहानपणी घराभोवती सर्वात कमी हिरवाई असलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचं प्रमाण जास्त आढळलं, अगदी घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरूनसुद्धा.

आम्हाला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फायदा दिसतो तो नेहमीच्या सहवासाचा. वर्षातून एकदा सफारी केली आणि उरलेलं वर्ष कोचिंग आणि पलंग यांच्यात गेलं, तर त्या सफारीकडून फार अपेक्षा ठेवू नका. म्हणूनच पुढचा प्रश्न नीट वाचा.

४. जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) तर बसूनच राहायचं असतं. मग व्यायाम कसला?

अगदी बरोबर, आणि हे फार थोडे पालक विचारतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटक सहसा गाडीतूनच फिरतो आणि उतरायचं ते ठरलेल्या जागीच. (सातपुडा राष्ट्रीय उद्यानात पायी सफारी होते, पण ते ग्वाल्हेरहून लांब.) जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल करावी. जिप्सीत त्यातली पाच मिनिटंही भरत नाहीत.

आमचा उपाय साधा आहे. उद्यान हा मोठा दिवस, पण त्याची तयारी दर रविवारी. मुलांना सांगायचं, शिवपुरीला जायचंय ना, मग त्याआधी दर रविवारी किल्ला चढायचा. गाडी उरवाई गेटनं वर नेता येते, ती नेऊ नका. हजिऱ्याच्या बाजूनं ग्वाल्हेर गेटमधून आत शिरा, गुजरी महालापासून हत्ती पोळ या दरवाजापर्यंतचा चढ पायी चढा. पहिल्या रविवारी निम्म्यात बसकण मारणारी मुलं पुढे वर पोचून खालच्यांना हाका मारतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो. वर पोचल्यावर लगेच परतायचं नाही. भिंतीच्या सावलीत बसायचं, पोपट आणि घारी बघायच्या, ज्याला लिहायचंय त्यानं वहीत लिहायचं. ज्यांना किल्ला लांब पडतो त्यांनी तिघरा धरणाच्या काठानं चालावं. थंडीत तिथेही पाखरं उतरतात.

इतकं झालं की दोन गोष्टी साधतात. अंग मोकळं होतं, आणि गप्प बसून बघायची सवय लागते. दुसरी नसेल तर जंगलात गेलेलं मूल पंधराव्या मिनिटाला विचारतं, "अजून किती वेळ?"

५. वाघ किंवा चित्ता दिसला नाही की मुलं खट्टू होतात. काय करावं?

वाघाचं नावच घेऊ नका. आम्ही तर घरच्यांनाही विनंती करतो की परत आल्यावर पहिला प्रश्न "दिसला का?" असा विचारू नका. मुलाला तिथल्या तिथे वाटतं की आपली फेरी फुकट गेली. आजोबांनी "काय काय बघितलंस रे?" असं विचारलं तर तेच मूल अर्धा तास बोलतं.

माधवमध्ये बघायला खूप आहे, पण कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. सख्यासागराच्या काठी मगरी उन्हाला पडलेल्या असतात. पुष्कळदा जबडा उघडा ठेवून, दगडासारख्या निपचित. मुलांना आधी वाटतं, ती चिडली आहे. गाइडला गाडी बंद करून थांबायला सांगा. थोड्या वेळानं कुणाच्या तरी लक्षात येतं की बगळा तिच्या शेजारून बिनधास्त चालतोय. मग प्रश्न सुरू होतात. तिचं रक्त आपल्यासारखं नाही, अंगाचं तापमान ती बाहेरूनच सांभाळते, उन्हात शेकून घेते आणि डोकं फार तापू नये म्हणून जबडा उघडा ठेवते, हे तेव्हा सांगितलं की ते कायमचं लक्षात राहतं. आमच्याबरोबर आलेली, एका जागी कधी न टिकणारी मुलं या काठावर चुळबुळ न करता उभी राहिली आहेत. तुमच्या मुलाचं मन कशात रमतं ते बघायचं असेल तर हीच जागा.

कुनोत हेच काम झाडं करतात. पळस, खैर, सलई, आणि सगळ्यात भारी करधई. उन्हाळ्यात ती वाळल्या काटक्यांसारखी दिसते आणि हवेत नुसता ओलावा आला तरी पालवते, असं तिथले लोक सांगतात. हिवाळ्यात तलावावर चक्रवाक येतात, दिसले तर नावानं ओळखायला शिकवा. नावं कळली की मूल स्वतःहून शोधायला लागतं.

६. आमचे सोळा वर्षांचे चिरंजीव यायलाच तयार नाहीत. ओढून न्यावं का?

नाही. त्याला मित्राबरोबर येऊ द्या. या वयात आई-वडिलांच्या मागे बसून जंगल बघायचं म्हणजे लाज वाटते, हे मान्य करायला हवं. जबाबदारीचं काहीतरी काम द्या: नकाशा त्याच्याकडे, पाण्याचा हिशेब त्याच्याकडे, लहान मुलांची मोजणी त्याच्याकडे. "तुझ्या तब्येतीसाठी नेतोय" हे वाक्य तोंडातून काढू नका. वजनाचा विषय तर अजिबात नको. पोट सुटलेल्या मुलाला सगळ्यांदेखत "चल, जरा हालचाल होईल" म्हटलं की तो पुन्हा आपल्याबरोबर येत नाही. आम्ही गटात हा नियम केला आहे आणि मावश्या-काकांनाही तो लागू आहे. तरीही नाहीच म्हणाला तर राहू द्या. धाकट्या बहिणीच्या तोंडून मगरीची गोष्ट ऐकून पुढच्या वेळी आलेले बरेच आहेत.

७. मोबाइल न्यायचा की नाही?

गटातल्या दोन मोठ्यांकडे असतो, बाकीच्यांचे गाडीत बंद पिशवीत. गेटवर याबद्दल जो नियम असेल तो पाळायचा. मोठ्यांनी स्वतः रील काढत बसून मुलांना अडवू नये. एखादी दुर्बीण फिरवत ठेवली की पहिल्या तासानंतर फोनची आठवण कमी होते.

८. यंदा दहावी (किंवा बारावी, नीट) आहे. वर्ष वाया जाईल ना?

एका सकाळीनं वर्ष वाया जात नाही. उलट ज्या घरात "यंदा काहीच नाही" असं ठरतं, तिथली मुलं जानेवारीपर्यंत कोमेजलेली दिसतात. झोप उडालेली, डोकं दुखतंय, चिडचिड. मोठी सहल नको असेल तर कुनो सोडा, किल्ल्याचा रविवार मात्र सोडू नका (प्रश्न ४). सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते. परीक्षेच्या वर्षात याहून मोठी मदत कोणती?

९. मुलांना बाहेर नेलं तर चष्मा जातो का?

लागलेला चष्मा जात नाही. पण लागण्याची शक्यता कमी होते, हे चांगलं सिद्ध झालं आहे. चीनमध्ये ग्वांगजौ शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टीचं प्रमाण ३०.४ टक्के निघालं, इतर शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. यासाठी राष्ट्रीय उद्यानच लागतं असं नाही, घरामागचं मैदानही चालतं. लहान भावंडांना आधी बाहेर काढा, त्यांना याचा उपयोग जास्त.

१०. डबा काय द्यावा, कपडे काय घालावेत?

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या उघड्या जिप्सीत बसणारी थंडी घरातल्या थंडीहून फार वेगळी असते. कानटोपी, मोजे, आतून एक जादा थर आणि जुनं ब्लँकेट हवंच. रंग मातकट, खाकी, गडद हिरवा. अत्तर-परफ्यूम नको. डब्याला दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, पेरू, संत्री. वेफर्सची पाकिटं आम्ही नेऊच देत नाही, कारण हवेनं उडालेलं एक पाकीट हरणाच्या पोटात जाऊ शकतं. खायचं ते ठरलेल्या जागी, आणि माकडांना एक दाणाही द्यायचा नाही. पाणी प्रत्येकाचं वेगळं.

११. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा पावसाळ्यात गेलं तर?

मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. मुलांना दुपारच्या फेरीला नेऊ नका, लू (तापलेला वारा) बाधते. नेलंच तर पहाटेची फेरी आणि दहाच्या आत सावलीत. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पर्यटकांना बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, २ ते ८, वन्यजीव सप्ताहाचा. तेव्हा शाळांसाठी कार्यक्रम होतात. निघण्याआधी वन विभागाच्या ऑनलाइन बुकिंगवर त्या दिवसाच्या फेऱ्या बघून घ्याव्यात.

१२. सगळ्यांना सफारी परवडत नाही. मग?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जवळचा आहे. जिप्सी आणि गाइडचा खर्च गाडीमागे असल्यामुळे माणसं वाढली की वाटणी कमी होते, म्हणून घरोघरी न जाता गटानं जा. मध्य प्रदेशचा वन विभाग हिवाळ्यात शाळांतल्या मुलांसाठी 'अनुभूति' शिबिरं घेतो. त्यात मुलांना जंगलात पायी नेतात, झाडं-पक्षी ओळखायला शिकवतात. तुमच्या मुलाच्या शाळेतल्या सरांना वनमंडळ कार्यालयाकडे चौकशी करायला सांगा. आणि देवरी (प्रश्न २) तर अगदी थोडक्यात होतं.

१३. मुलीची पाळी त्याच दिवशी आली तर तिनं येऊ नये का?

जरूर यावं. पाळीच्या वासानं वाघ येतो, ही निव्वळ भीती आहे. अडचण खरी आहे ती शौचालयाची. फेरी सुटण्यापूर्वी गेटवर जाऊन यायचं, जादा पॅड आणि वापरलेलं परत आणायला बंद होणारी पिशवी जवळ ठेवायची. आमच्या प्रत्येक गटात एक ताई असते आणि मुली तिलाच सांगतात. वडिलांनी याची चौकशी सगळ्यांसमोर करू नये.

१४. मुलगी महिनोन्‌महिने उदास आहे. जंगलात नेलं तर बरी होईल का?

बाहेर पडल्यानं तिला त्या दिवशी हलकं वाटू शकतं, पण तो उपचार नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास, मैत्रिणी सगळ्यातून लक्ष उडालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. "जगून काय करायचं" असं ती एकदा जरी बोलली असेल तर आजच. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, दिवसरात्र, आणि आपल्या भाषेत बोलता येतं. औषध चालू असेल तर सहलीसाठी एकही गोळी चुकवू नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला आणा. आम्ही तिला बोलतं करायचा प्रयत्न करणार नाही, शेजारी बसू.

१५. कुनोतून माणसांना हलवलं, तिथे आपण मजा करायला जायचं, हे मुलांना कसं सांगायचं?

जसं आहे तसं. सिंह आणायचे म्हणून कुनोतली २४ गावं हलवली गेली, त्यात बहुतेक सहरिया आदिवासी होते. सिंह गीरहून आलेच नाहीत, पुढे चित्ते आले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे कळतं आणि त्यांना ते अन्यायाचं वाटतं. वाटू द्या. त्यांचं तोंड "जंगल वाचवायला हवं ना" म्हणून बंद करू नका. जिथे जमेल तिथे स्थानिक गाइड घ्या, त्याला त्याच्या गावाविषयी विचारा, त्याच्याशी आदरानं अहो-जाहोनं बोला. मुलं आपलं बघूनच शिकतात.

१६. वाटेत मोरपीस सापडलं तर आणू द्यावं का?

नाही. मोरपीस घरी बाळगण्यावर बंदी नसली तरी राष्ट्रीय उद्यानातून पीस, शिंग, दगड, बी, काहीही उचलून आणणं मना आहे. चित्र काढू द्या.

१७. मूल व्हीलचेअरवर आहे. नेता येईल का?

येईल, आणि न्या. जिप्सीत चढताना दोन धट्टेकट्टे हात लागतात, मागच्या बाकापेक्षा पुढची जागा कमी हादरते. एक दिवस आधी गेटवर कळवून ठेवा. किल्ल्याच्या चढाऐवजी (प्रश्न ४) वरच्या सपाटीवर गाडीनं जाऊन तिथे फिरवा. अशा मुलासाठी उरवाई गेटचा रस्ता आहेच.

१८. दमा, फिट्स किंवा टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला पाठवावं का?

डॉक्टरांना विचारून, हो. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या स्वतःच्या खिशात हवा, डिकीतल्या बॅगेत नको. धूळ फार उडते म्हणून पुढच्या गाडीत बसवा, नाकातोंडावर ओला रुमाल. फिट्स येणाऱ्याची झोप पहाटेच्या फेरीसाठी मोडू नका, अपुरी झोप हे फिट यायचं मोठं कारण आहे. त्याला दुपारच्या फेरीला न्या, आणि पाण्याच्या काठी त्याच्याबरोबर कुणीतरी कायम.

मधुमेहाच्या मुलाबाबत एक गोष्ट आम्ही प्रत्येक पालकाला आवर्जून सांगतो. साखर उतरली की मूल थरथरतं, आणि पहाटेच्या जिप्सीत सगळेच थरथरत असतात. त्यामुळे "थंडी वाजतेय" म्हणून सोडून देऊ नका, थरथर दिसली की साखर तपासा. साखर मोजायचं मशीन फार गार पडलं की चालत नाही, ते आणि इन्सुलिन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढंच. आई लोक डब्यात मुरैन्याची गजक देतात. ती तेव्हा कामाची नाही, तिळातल्या तेलामुळे साखर रक्तात सावकाश पोचते. गजक साखर जागेवर आल्यावर द्या. आणि गाडीतल्या निदान दोघांना, त्यातला एक त्याच्याच वयाचा, हे सगळं निघण्याआधी करून दाखवा.